जप्त बोटीचा लिलाव : बोली लावण्याआधी

कोकण किनाऱ्यावरचे आमचे कितीतरी भाऊ आखाती देशांत पंधरा-वीस वर्षे राबून घरी परततात. हाती थोडी शिल्लक असते, बंदरावर नातलग असतात, आणि एके दिवशी वर्तमानपत्रात कुठल्यातरी बँकेची किंवा पतसंस्थेची जाहीर नोटीस दिसते : यांत्रिकी मासेमारी नौका, इंजिनासह, जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. राखीव किंमत नव्या बोटीच्या निम्म्याहूनही कमी. मन चळते. आयुष्याची कमाई एका सकाळच्या पुकाऱ्यात लावण्याची तयारी होते.

आमचा धंदा कापडाचा. लिलाव आम्ही पुष्कळ पाहिले आहेत : बंद पडलेले माग, ओल्या झालेल्या गाठी, जप्त गोदामातला माल. बोटीबद्दल विचारणारे गिऱ्हाईक रत्नागिरी-दापोलीकडून आमच्याकडे येऊ लागले, तेव्हा बंदरावरच्या नाखव्यांकडून आणि जाणत्या वकिलांकडून हा विषय आम्ही समजून घेतला. मागाचा लिलाव आणि बोटीचा लिलाव दिसायला सारखे, पण आतून फार वेगळे आहेत. बोटीच्या अंगाला देणी चिकटलेली असतात, आणि मालक बदलला म्हणून ती सुटत नाहीत.

पहिला प्रश्न बोटीविषयी विचारूच नये. विकणाऱ्याविषयी विचारावा : तो कोणत्या अधिकाराने विकतो आहे? कर्ज थकले की बँका २००२ च्या सरफेसी कायद्याने घर, गाळा, कारखाना, यंत्रे कोर्टात न जाता ताब्यात घेतात, हे आपल्या व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. परंतु याच कायद्याच्या कलम ३१ ने जहाज व नौका यांवरचे तारण त्यातून वगळले आहे. म्हणजे माग त्या कायद्याने जप्त होऊ शकतो, बोट नाही. तेव्हा बोटीच्या नोटिशीत सरफेसीचा उल्लेख दिसला तर तेथेच थांबून वकिलाला कागद दाखवावा. उद्या मूळ मालक कोर्टात गेला तर तुमचे पैसे आणि हंगाम दोन्ही अडकतील.

मग बोटी विकल्या कशा जातात? सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला जातो आणि विशेष वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती व लिलाव करतो. मोठ्या बँकेचे येणे वीस लाख किंवा त्याहून अधिक असेल तर प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात जाते. त्याखालील रकमेला दिवाणी न्यायालय आहे. या सर्व विक्रीत एक गोष्ट समान असते : थकबाकीदाराचा बोटीवर जेवढा हक्क, तेवढाच तुमच्याकडे येतो. बोट त्याने आणखी कुणाकडे गहाण ठेवली असेल, भागीदाराचा चार आणे हिस्सा असेल, तर ते भांडणही तुमच्याकडे येते.

याला एक अपवाद आहे. उच्च न्यायालयाने २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्याखाली बोट अटकवून विकली, तर ती घेणाऱ्याला सर्व बोजांपासून मोकळी मिळते. पण असे लिलाव बहुधा मोठ्या जहाजांचे होतात. मासेमारीची बोट तेथे क्वचितच येते.

याच २०१७ च्या कायद्यात काही देणी अशी सांगितली आहेत की ती थेट बोटीवर बसतात, मालक कुणीही असो. खलाशांचा थकलेला पगार, बोटीवर कुणी दगावला वा जखमी झाला त्याची भरपाई, बुडत्या बोटीला वाचवणाऱ्याचे येणे, बंदराची व सरकारी फी, दुसऱ्या बोटीला धडक देऊन केलेले नुकसान. साधारणपणे एक वर्षापर्यंत आणि पगाराच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत ही देणी बोटीचा पाठलाग करतात. ज्याचे कर्ज थकले त्याने खलाशांचे पगार वेळेवर दिले असतील, असे समजणे भोळेपणाचे आहे. आज रत्नागिरीकडच्या बोटींवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत. हंगाम मोडला की ते गावी जातात, पण हिशेब विसरत नाहीत. म्हणून तांडेलाला गाठावे, चहा पाजावा आणि दोन गोष्टी विचाराव्यात : कुणाचे किती राहिले, आणि बोटीला शेवटचा त्रास कोणता झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही कागदावर मिळत नाही.

कागदांत नोंदणीचे प्रमाणपत्र आणि मासेमारीचा परवाना या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक लोक येथेच गोंधळतात. आयएनडी-एमएच पासून सुरू होणारा क्रमांक ही बोटीची ओळख झाली. ती कोणत्या जाळ्याने मासे धरू शकते हे मात्र महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खालील परवाना ठरवतो. पर्ससीन जाळ्याच्या परवान्यांवर २०१६ पासून राज्यात कडक मर्यादा आहे. तेव्हा पर्ससीनची बोट स्वस्त दिसली तर आधी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे की परवाना चालू आहे काय, नव्या मालकाच्या नावावर होईल काय, आणि बोटीवर जुना दंड बाकी आहे काय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे दंड लाखांत गेले आहेत. बोटीवर मोठा जनरेटर आणि एलईडी दिव्यांची रांग दिसली तर विकणारा त्याचीही किंमत सांगेल. एलईडीच्या मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे. त्या दिव्यांची किंमत शून्य धरावी आणि दंडाची चौकशी दुप्पट करावी. बोट मच्छीमार संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून घेतलेली असेल तर संस्थेकडून बेबाकीचा दाखला मागावा. नाहीतर सभासदत्व आणि करमाफीच्या डिझेलचा कोटा यासाठी त्याच दारात उभे राहावे लागेल.

आता प्रत्यक्ष बोट. गाठीचा वरचा थान पाहून भाव करणारा कापडवाला फार दिवस टिकत नाही, तसेच रंग पाहून बोट घेणाऱ्याचे. लाकडी बोट समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त कुजते. शाकारल्याविना दोन पावसाळे उघडी पडलेली बोट म्हणजे आत साचलेले गोडे पाणी. कण्याजवळ, सांध्यांत आणि इंजिनाखालच्या लाकडात टोचा घालून पाहावा. सहज आत गेला तर सुताराचा खर्च मोठा आहे. किनाऱ्यावर फार दिवस वाळलेल्या फळ्यांचे सांधे उघडतात, ते पुन्हा भरावे लागतात. फायबरची बोट असेल तर लहान हातोडीने ठोकत जावे. भरीव आवाज एकदम पोकळ झाला की तेथे थर सुटलेले आहेत. मागची भिंत आणि इंजिनाची बैठक विशेष पाहावी. इंजिनाचे तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे. इंजिन हाताने फिरते का पाहावे, परवानगी असेल तर सुरू करून पाहावे, आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून घ्यावा. हे काम स्वतः करू नये. बोट बांधणारा सुतार आणि इंजिनाचा मिस्त्री, दोघांना दिवसाची मजुरी देऊन न्यावे. नात्यातला माणूस फुकट येतो आणि तोंड राखून बोलतो.

जप्तीचा पंचनामा मागून घेणे फार लोक विसरतात. त्यात त्या दिवशी बोटीवर काय काय होते त्याची यादी असते : जाळी, दोर, नांगर, बॅटऱ्या, वायरलेस, जीपीएस, विंच. जप्त बोट बंदरात सहा महिने उभी राहिली की यातले निम्मे पाय फुटून निघून जाते. यादी हातात धरून बोटीवर फिरावे, आणि जे नाही ते बोलीतून वजा करावे. जेट्टीचे भाडे व पहारेकऱ्याचा पगार कोण देणार, जीएसटी बोलीत धरला आहे की वर लागणार, हेही लेखी विचारावे.

यानंतरच आकडा. समजा बोली दहा लाखांची. इंजिनाचे काम अडीच लाख, तळ व सुतारकाम नव्वद हजार, जाळी, दोर आणि बर्फाचे खण तीन लाख, यंत्रे व बॅटऱ्या साठ हजार, नोंदणी, विमा व वकील चाळीस हजार, मागील देणी एक लाख दहा हजार. हे साडेआठ लाख झाले. खलाशांची पहिली उचल, डिझेल व बर्फ यांना अडीच लाख. म्हणजे दहाची बोट एकवीस लाखांना पाण्यात उतरते. आकडे मासल्यादाखल आहेत, आपापल्या बंदराचे घालावेत. हिशेब मात्र उलटा करावा. तशीच धावती बोट, जाळ्यासह, अठरा लाखांना मिळत असेल, तर उचल व डिझेल दोन्हीकडे लागणारच म्हणून ते सोडून द्यावे. अठरातून साडेआठ वजा केले तर साडेनऊ उरतात. न दिसलेल्या दोषांसाठी दोन-अडीच लाख आणखी सोडावेत. सातच्या वर हात उचलू नये. शेजारी उभा असलेला माणूस उचलतो आहे म्हणून तर मुळीच नाही.

आणि हंगाम पाहावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बोली लावणारे कमी असतात, भाव उतरतो हे खरे. पण बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, पाण्यात तपासता येत नाही, आणि अडकलेला पैसा ऑगस्टपर्यंत काही कमावत नाही.

लिलावाच्या जागी खोटी बोली लावणारे भेटतात. घ्यायचे नसताना भाव चढवायचा, याला आपल्या फिकहमध्ये नजश म्हणतात आणि तो नाजायज आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याचे दुसरे रूप म्हणजे चौघांनी संगनमत करून बोली दाबायची आणि नंतर आपसांत वाटून घ्यायचे. त्यात बुडतो तो कर्जदार. कमी किमतीला बोट गेली तरी उरलेले कर्ज त्याच्या आणि त्याच्या जामिनाच्या मानेवर राहते. हा कर्जदार बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

म्हणून आमचे मत असे की नोटीस वाचल्यावर प्रथम बँकेत न जाता त्याच्या घरी जावे. पुकारा संपून बोट दुसऱ्याच्या नावे होण्यापूर्वी थकबाकी व खर्च भरला तर लिलाव थांबतो. बँकेच्या लेखी संमतीने त्याच्याकडूनच थेट खरेदी करावी, रक्कम परस्पर त्याच्या कर्जखात्यात भरावी आणि बोजा उतरल्याचे पत्र घ्यावे. त्याला लिलावापेक्षा चार पैसे जास्त मिळतात. तुम्हाला बोटीचा खरा इतिहास कळतो, आणि नाव बदलण्याच्या अर्जावर त्याची राजीखुशीची सही मिळते. लिलावात घेतलेल्या बोटीसाठी ही सही मिळत नाही. तेथे विक्रीचा दाखला घेऊन कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

तो तयार नसेल तर मग लिलाव. जंगम मालमत्तेच्या विक्रीत पैसे त्याच वेळी किंवा अधिकारी सांगेल त्या मुदतीत पूर्ण भरावे लागतात, आणि तोवर बोट हलवता येत नाही. मुदत चुकली तर फेरलिलाव होतो. पैसे तयार ठेवूनच जावे. ताबा घेताना पुन्हा पंचनामा करावा, फोटो काढावेत, आणि विमा ताब्याच्या दिवसापासूनच सुरू करावा. दुरुस्तीसाठी बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेतानाच्या प्रवासाला तो लागू आहे किंवा नाही, हे विमा कंपनीकडून लिहून घ्यावे.