तानसेची भिंत

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा नदीवर एक दगडी धरण आहे. मुंबई शहरास पाणी पुरविण्यासाठी बांधलेले हे धरण १८९२ साली पूर्ण झाले. त्याची सुमारे २,८०० मीटर लांबीची भिंत मुख्यतः आपल्या भाराने पाणी थोपवून धरते.

एवढी भिंत एकट्याच्या हातून कशी उभी राहावी? अभियंत्याने नकाशा आखला. पण पाया खणणाऱ्यांनी अभंग कातळ गाठला नसता, तर तो नकाशा व्यर्थ होता. पाथरवटांनी दगड घडविले. पण घाणीत मळलेला चुना वेळेवर पोचला नसता, तर गवंड्यांचे हात रिकामे राहिले असते. आणि गवंड्याने एखादा सांधा पोकळ ठेवला असता, तर पाण्याने नेमकी तीच वाट शोधली असती. पाणी हा मोठा कठोर परीक्षक! काम कोठे उणे राहिले, तेवढेच तो पाहतो.

त्या असंख्य मजुरांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. तरी सव्वाशेहून अधिक पावसाळे झेलून भिंत उभी आहे आणि मुंबईच्या घरोघरी तानसेचे पाणी आजही पोचते. एकमेकांवर विसंबून ज्यांनी आपापला वाटा चोख उचलला, त्यांची हीच खरी ओळख होय.