कोंकणच्या शिलाहारांची वंशावळ व सोमेश्वर राजाचा शेवट

वंशावळ वाचणे पुष्कळांस कंटाळवाणे वाटते. अमक्याचा पुत्र अमका, त्याचा पुत्र तमका, अशी नावांची माळ पुढे चालते, आणि वाचणारा ती चटकन ओलांडून कथेकडे वळतो. परंतु राज्ये कशी उभी राहिली, कोणास मान मिळाला आणि कोणाचे नाव कोणीच लिहिले नाही, हे ह्या माळेतच दडलेले असते. म्हणून ह्या पाठात आपण आपल्याच कोंकणातील एका सरदार कुळाचा विचार करू. बोरीवलीच्या पूर्वेस डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथे ह्या कुळाचे अगदी आरंभीचे लेख कोरलेले आहेत. बोरीवलीच्या पश्चिमेस एकसर गाव आहे; तेथील वीरगळांचा संबंध कित्येक अभ्यासक ह्या कुळाच्या शेवटाशी जोडतात. ह्या दोन ठिकाणांमध्ये वाट थोड्या कोसांची आहे, पण काळ सुमारे सव्वाचारशे वर्षांचा आहे. ह्या कुळाचे नाव शिलाहार.

१. कुळाचे मूळ

शिलाहार आपणांस जीमूतवाहन नामक विद्याधर राजपुत्राचे वंशज म्हणवीत. त्याची कथा अशी की, गरुडास रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली व त्याची आई आक्रोश करू लागली. ते पाहून जीमूतवाहनाने त्याच्या जागी स्वतः वधशिलेवर जाऊन देह ठेवला. शिलेवरचा आहार झाला तो शिलाहार, असा आपल्या नावाचा अर्थ हे कूळ सांगे. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे, आणि 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद ते मिरवीत. तगर म्हणजे हल्लीच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर गाव.

ही कथा इतिहास नव्हे, हे वाचकांनी ओळखलेच असेल. त्या काळी बहुतेक राजकुळे आपले मूळ देवादिकांपर्यंत नेऊन भिडवीत. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या कोणी सूर्य निवडला, कोणी चंद्र. ह्या कुळाने मात्र एका दुबळ्या प्राण्यासाठी स्वतःचा देह देणारा पूर्वज निवडला. असा पूर्वज सांगणे सोपे आहे. त्याला साजेसे वागणे कठीण आहे.

२. सामंतपदापासून राज्यापर्यंत

उत्तर कोंकणच्या शाखेचा पहिला पुरुष कपर्दी हा इसवी सन ८०० च्या सुमारास होऊन गेला. त्याचा पुत्र पुल्लशक्ती. शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ चा त्याच्या काळचा लेख कान्हेरीस आहे. त्यात तो स्वतंत्र राजा म्हणून नव्हे, तर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष ह्याचा सामंत म्हणून दिसतो. त्याचा पुत्र दुसरा कपर्दी. त्याच्या काळचेही लेख तेथे आहेत. त्यांपैकी एकात गौड देशाहून, म्हणजे आजच्या बंगालच्या बाजूने आलेल्या अविघ्नाकर नामक बौद्ध उपासकाने तेथील भिक्षूंसाठी केलेल्या दानाची नोंद आहे. राजा शैव असला तरी त्याच्या मुलखात दूर देशीचा बौद्ध येऊन निर्भयपणे दान करू शके, एवढे ह्यावरून समजते.

पुढे वप्पुवन्न, झंझ, गोग्गिराज, वज्जड असे पुरुष झाले. मग अपराजिताच्या काळी मोठा प्रसंग आला. इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांचे साम्राज्य चालुक्य तैलपाने मोडले. धनी बुडाला म्हणजे चाकर नवा धनी शोधतो, ही जगाची रीत आहे. परंतु अपराजिताने शके ९१९, इ. स. ९९७ मध्ये दिलेल्या भादान गावच्या ताम्रपटात आपल्या कुळाबरोबर राष्ट्रकूटांचीही वंशावळ लिहविली आणि त्या राज्याच्या नाशाबद्दल खेद प्रकट केला. ज्यांच्यापासून आता काहीच मिळण्यासारखे नव्हते, त्यांचे नाव त्याने राखले. ह्या कुळाच्या लेखांतील ही आम्हांस फार मोलाची गोष्ट वाटते.

पुढील पिढ्यांत छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर बसले. अंबरनाथाच्या प्रसिद्ध देवळात मुम्मुणीच्या काळचा शके ९८२ चा लेख आहे. नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव ह्याने शके १०१६, इ. स. १०९४ च्या सुमारास एक ताम्रपट देऊन आपल्या प्रधानांपैकी दोघा श्रेष्ठी बंधूंस ठाणे, सोपारा, चेऊल इत्यादी बंदरांवरील जकात माफ केली. ह्यावरून ह्या राजांची संपत्ती कोठून येई हे कळते. ती जशी शेतातून येई, तशीच समुद्रावरूनही येई. गलबत, तांडेल व वल्हेकरी ह्यांच्या श्रमावर ठाण्याची गादी उभी होती.

३. बिरुद व बोली

ह्या वंशात मल्लिकार्जुन नावाचा राजा झाला. इ. स. ११५६ व ११६० चे त्याचे लेख सापडले आहेत. तो 'राजपितामह', म्हणजे राजांचा आजोबा, असे बिरुद लावी. गुजराथच्या जैन ग्रंथकारांनी सांगितले आहे की, एका भाटाने कुमारपाल राजाच्या सभेत हे बिरुद उच्चारले. कुमारपालास ते सहन झाले नाही. त्याने आंबड नामक सेनापतीस कोंकणावर धाडले. पहिल्या स्वारीत आंबड हरला. दुसऱ्या स्वारीत त्याने मल्लिकार्जुनास ठार केले, आणि तेच बिरुद बक्षीस म्हणून मिळविले. एका शब्दाच्या अभिमानापायी किती घरे उजाड झाली असतील, ते त्या ग्रंथकारांनी लिहिलेले नाही.

त्याच्या मागून झालेल्या दुसऱ्या अपरादित्याचा इ. स. ११८७ चा शिलालेख मुंबईत परळ येथे सापडला. तो संस्कृतात आहे; परंतु दान मोडणाऱ्यास दिलेले शेवटचे शापवचन मराठीत आहे. ह्याचे कारण उघड आहे. राजाची स्तुती पंडितांनी वाचली तरी पुरे होते. पण जमिनीस हात लावू नका, ही ताकीद गावकऱ्यांस समजणे अवश्य होते. मराठीच्या जुन्या लेखांत म्हणूनच ह्या शिळेची गणना होते. राजाचे काम जेव्हा खरोखर लोकांशी पडले, तेव्हा त्यास लोकांची बोली घ्यावी लागली.

४. सोमेश्वर

ह्या शाखेचा शेवटचा राजा सोमेश्वर. त्याचे इ. स. १२५९ व १२६० ह्या वर्षांचे लेख उरण भागात रानवड व चांजे येथे मिळाले आहेत. त्याच सुमारास घाटावर देवगिरीच्या यादवांचे बळ वाढले होते. इ. स. १२६१ च्या सुमारास महादेव यादव गादीवर आला व त्याने कोंकणावर स्वारी केली. त्याच्या सैन्यात हत्तींचे बळ मोठे होते. जमिनीवर टिकाव लागेना, तेव्हा सोमेश्वराने आपल्या पूर्वजांच्या सामर्थ्याचे मूळ जो समुद्र, त्याचा आश्रय केला. परंतु तेथेही त्याचा पराभव होऊन तो बुडून मेला. हे इ. स. १२६५ च्या सुमारास घडले.

हा वृत्तांत आपणांस महादेवाचा मंत्री हेमाद्री ह्याच्या ग्रंथातून मिळतो. सोमेश्वर समुद्रात तरण्यास समर्थ असूनही बुडाला, असे तो मोठ्या चातुर्याने सांगतो. येथे वाचकांनी सावध असावे. ही जिंकणाऱ्याच्या लेखणीची भाषा आहे. हरलेल्या पक्षाचा वृत्तांत लिहिण्यास ठाण्यात कोणी लेखक उरला नाही. इ. स. १२७२ मध्ये तेथे यादवांचा अधिकारी अच्युत नायक कारभार पाहत होता. आणि पुढे अर्धशतक लोटण्याच्या आत, इ. स. १३१८ पर्यंत, देवगिरीचे राज्यही दिल्लीच्या सुलतानांनी बुडविले.

५. एकसरचे वीरगळ

लढाईत पडलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ जी कोरीव शिळा उभी करतात, तिला वीरगळ म्हणतात. महाराष्ट्रात असे दगड गावोगाव आहेत. पण बहुतेक कमरेइतके उंच असतात. एकसरचे मोठे वीरगळ सुमारे दहा फूट उंच आहेत. इ. स. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांचे वर्णन छापले आहे. चित्रांचे पट्टे खालून वर वाचावयाचे असतात: खाली युद्ध, मग पडलेले वीर, त्यावर त्यांस वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांवर शिवाची पूजा. काही शिळांवर हत्ती व पायदळ ह्यांची झुंज आहे. काहींवर समुद्र आहे. त्यात वल्ह्यांची गलबते रांगेने चालली आहेत आणि माणसे पाण्यात पडत आहेत.

हे सोमेश्वर व महादेव ह्यांच्या युद्धाचे चित्र असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जण ते त्याहून जुन्या युद्धाचे समजतात. कसेही असो, एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. इतक्या मोठ्या शिळा गरीब शिपायासाठी उभ्या राहत नाहीत; त्या मोठ्या सरदारांच्या असल्या पाहिजेत. तरी त्या गलबतांवर कारागिराने वल्हेकरीही कोरले आहेत. शिलाहारांच्या ताम्रपटांत राजे आहेत, मंत्री आहेत, ब्राह्मण व श्रेष्ठी आहेत. वल्हे मारणारा मनुष्य आपणांस दिसतो तो ह्या दगडावर. त्याचे नाव मात्र कोठे नाही.

६. त्याच वर्षी इंग्लंडात

सायमन डी माँटफर्ट हा लेस्टरचा अर्ल, म्हणजे इंग्लंडातील मोठा सरदार होता. कूळ फ्रान्सातले, लेस्टरचा वारसा त्याच्या बापास आपल्या आईकडून आला होता. इ. स. १२३८ मध्ये त्याने तिसऱ्या हेन्री राजाची बहीण एलेनॉर हिच्याशी लग्न केले. पुढे राजाशी वैर पडून इ. स. १२६४ मध्ये त्याने मेहुण्यासच कैद केले. ता. ४ ऑगस्ट १२६५ रोजी ईव्हशॅमच्या लढाईत तो मारला गेला. त्याच दिवशी त्याचा थोरला पुत्रही पडला. त्याची जहागीर राजाच्या धाकट्या मुलास मिळाली.

त्याचे कूळ इंग्लंडातून नाहीसे झाले, पण नाव राहिले. ते कशाने राहिले? त्याच वर्षी जानेवारीत त्याने जी सभा बोलाविली, तीत सरदार व धर्माधिकारी ह्यांबरोबर शहरांतील साध्या नागरिकांचेही प्रतिनिधी बोलाविले होते. त्यात त्याचा स्वार्थ नव्हता असे नाही. तरी त्याच्या वंशावळीपेक्षा ते बोलावणे अधिक काळ टिकले.

७. सार

पुष्कळ वाचक म्हणतील की, आमच्या घराण्याचा ताम्रपट नाही. आजोबांच्या पलीकडे नाव सांगता येत नाही. त्यांनी खंत करू नये. कान्हेरीपासून एकसरपर्यंतची ही सव्वाचारशे वर्षे त्यांच्याही पूर्वजांच्या हातांनी घडली आहेत: कोणी पाथर फोडला, कोणी भात लाविला, कोणी वल्हे ओढले. नाव न लिहिले गेल्याने मनुष्य नसल्यासारखा होत नाही. आणि ज्यांस मोठी वंशावळ आहे, त्यांनी ती दागिना न मानता ऋण मानावी. अपराजिताने पडलेल्या धन्याचे स्मरण केले, तेव्हा तो जीमूतवाहनाच्या कथेच्या जवळ आला. मल्लिकार्जुन बिरुदासाठी लढला, तेव्हा दूर गेला.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) शिलाहार ह्या नावाचा अर्थ ते कूळ काय सांगे?
(२) भादानच्या ताम्रपटात अपराजिताने कोणाची वंशावळ लिहविली? ती विशेष का समजावी?
(३) परळच्या लेखाचा शेवट मराठीत का असावा?
(४) हेमाद्रीचा वृत्तांत वाचताना सावध का असावे?
(५) आपल्या गावी वीरगळ आहे काय? त्याचे पट्टे खालून वर वाचून, त्यात काय कोरले आहे ते वर्गास सांगा. त्यास शेंदूर अथवा रंग लावू नये, व तो जागेवरून हलवू नये.
(६) आपल्या घरातील वडील मंडळींस विचारून जितक्या पिढ्यांची नावे मिळतील तितकी वहीत लिहा. आज्या व पणज्या ह्यांची नावेही लिहा. राजांच्या वंशावळीत ती बहुधा राहून जातात.