गिऱ्हाइकाला ‘तू’ की ‘तुम्ही’?



आपल्यापैकी काहींचे दुकान आहे, आणि दुकानात तर सर्वांनाच जावे लागते. ‘गोड बोला, गिऱ्हाईक टिकेल’ असे आपण ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण नुसते गोड बोलणे म्हणजे सौजन्य का? इतिहासातले एक उदाहरण पाहू.

इंग्लंडमध्ये १६५० च्या सुमारास जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) यांच्या प्रेरणेने क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ वाढू लागला. त्यांची शिकवण आपल्या ख्रिस्तसभेहून बरीच वेगळी. पण त्यांच्या दुकानदारांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्या काळी इंग्रजीतही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ होते. बड्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचे, टोपी काढायची, वाकायचे. क्वेकर दुकानदार हे करीनात. देवापुढे सगळे सारखे, म्हणून सरदार असो की मोलकरीण, सर्वांना ‘तू’. टोपी डोक्यावरच! लोकांना तो उर्मटपणा वाटला आणि गिऱ्हाइके तुटली. काहींना भाकरीपुरतेही पैसे मिळेनात, असे फॉक्स यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

पुढे चित्र पालटले. त्या काळी दुकानदार आधी चढा भाव सांगे, मग घासाघीस चाले. क्वेकर एकच भाव सांगत आणि तोच घेत. लहान पोराला पाठवले तरी तिथे फसवणूक होत नाही, हे लोकांना अनुभवाने कळले. मग त्यांच्याकडे इतकी गिऱ्हाइके जाऊ लागली की इतर दुकानदार कुरकुरू लागले.

आता आपल्या बाजाराकडे वळू. गाडीतून उतरलेल्या बाईंना “या मॅडम, बसा,” आणि डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या आदिवासी बाईला “काय गं, काय पाहिजे तुला?” दोन्ही एकाच तोंडून. क्वेकरही ‘तू’च म्हणत, पण फक्त गरिबाला नव्हे. ही बाई आधी आलेली असली तरी मॅडमचे सामान बांधून होईपर्यंत ती बाजूला उभी. ती भांडत नाही. पुढच्या खेपेला ती नाक्यावरच्या मोठ्या दुकानात जाते. तिथेही तिला कोणी “या, बसा” म्हणत नाही. पण किंमत छापलेली असते आणि रांग सर्वांना एकच. आणि मग आपण म्हणतो, मोठ्या दुकानांनी आमचा धंदा बुडवला!

मोठ्या दुकानात नसलेली एक गोष्ट गावच्या दुकानदाराकडे असते. तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. दहा वर्षे आपल्याकडून मीठ-मिरची नेणाऱ्या त्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?