विमानाची बॅटरी भरेनाशी झाली तर

सोनेगांवच्या विमानतळाशीं नागपूरकरांचें नातें जुनें आहे. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हां दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं येथेंच भेटून टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत. नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ चा. तेथील शिकाऊ वैमानिकांनीं ज्या सेसना १५२ या दोन आसनी विमानांतून धडे घेतले, त्याच्याच विजेविषयीं आम्ही येथें लिहीत आहों.

या विमानाची बॅटरी २४ व्होल्टांची असते. यंत्र चालूं झालें म्हणजे पट्ट्यानें फिरणारा आल्टरनेटर सुमारें २८ व्होल्टांची वीज देऊन विमानाची गरज भागवितो व बॅटरीही भरतो. हा दाब फार उतरला कीं वैमानिकापुढें तांबडा दिवा लागतो. (जमिनीवर यंत्र मंद चालत असतां तो क्षणभर लागला, तर घाबरूं नये, यंत्राचा वेग वाढवितांच तो विझतो.)

आतां यंत्र बंद पडेल काय? मोटारीच्या अनुभवावरून पालकांना तसें वाटेल. परंतु विमानांत ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो यंत्राच्याच गतीनें वीज निर्माण करतात, त्यांना बॅटरी लागत नाहीं. जातात तीं इतर साधनें: रेडिओ, दिवे, इंधनाचे कांटे व उतरतांना लागणारे फ्लॅप. रेडिओ मुका झाल्यास मनोऱ्यावरील दिव्याकडे पाहावें लागतें. स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास मोकळीक. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्यास वाट देऊन घिरट्या घालीत राहणें.

म्हणून आकाशांत दुरुस्ती करीत बसावयाचें नसतें. रेडिओ बंद करावा, आल्टरनेटरचा ब्रेकर आंत दाबलेला आहे ना तें पाहावें, आणि मुख्य बटन एकवार बंद करून पुन्हां चालूं करावें. दाब मर्यादेबाहेर वाढल्यास नियामक आल्टरनेटरला आपण होऊन तोडतो. बटन फिरविल्यानें तो पुन्हां जोडला जातो. दिवा पुनः लागलाच, तर आल्टरनेटर बंद ठेवून, नको तीं उपकरणें मालवून लौकर उतरावें.

खरा शोध जमिनीवर. पुष्कळ जण प्रथम आल्टरनेटरच बदलावयास निघतात; ही घाई आम्हांस पसंत नाहीं. आधीं पट्टा सैल आहे काय, तारेचें टोक निसटलें आहे काय, हें पाहावें. नंतर यंत्र बंद ठेवून, मुख्य बटनाचे दोन्ही भाग चालूं करून, आल्टरनेटरच्या फील्ड नांवाच्या टोकाशीं व्होल्टमीटर लावावा. तेथें वीज पोंचत असेल, तर दोष पुढें, आल्टरनेटरांत, बहुधा झिजलेल्या ब्रशांत. पोंचत नसेल, तर दोष मागें: बटन, ब्रेकर, नियामक किंवा तार. एका मापानें अर्धें क्षेत्र वगळलें जातें; भूमितींतील सिद्धांताप्रमाणें! मात्र बंद यंत्राचा पंखाही हातानें फिरवूं नये. मॅग्नेटो सदोष असल्यास तेवढ्या हालचालीनें ठिणगी पडते.

पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. तो बदलण्यास पुढील पंखा उतरवावा लागतो, त्यामुळें झिजलेला पट्टाही कांहीं ठिकाणीं चालवून घेण्याचा मोह होतो. हें काम परवानाधारक अभियंत्याचें. तो नोंदवहींत सही करतो, मग यंत्र चालूं करून व मोठा दिवा लावूनही कांटा २८ च्या आसपास टिकतो कीं नाहीं हें पाहिलें जातें.