मोटारीचें तेल घरच्या घरीं बदलणें

मोटारगाडी चालविणारे पुष्कळ, परंतु तिच्या पोटांत काय चाललें आहे याची विचारपूस करणारे थोडे. पेट्रोल संपलें कीं गाडी थांबते, म्हणून त्याची आठवण सर्वांस राहते. इंजिनांतील तेल मात्र काळें पडलें, आटलें, तरी कांहीं दिवस मुकाट्यानें काम करीत राहतें. आणि तें ज्या दिवशीं कुरकुर करूं लागतें त्या दिवशीं दुरुस्तीचा खर्च हजारांच्या घरांत गेलेला असतो. म्हणून हें तेल व त्याचा फिल्टर कसा बदलावा तें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तेलाचें काम पाहूं. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर त्यांतील प्रत्येक दट्ट्या सेकंदास ५० वेळां खालींवर होतो. धातूवर धातू अशी घासूं दिली तर काय होईल हें सांगावयास नको. तेल त्या दोहोंमध्यें पातळ पापुद्र्याप्रमाणें पसरून त्यांस एकमेकांस शिवूं देत नाहीं. शिवाय तें उष्णता वाहून नेतें आणि काजळी व धातूचे बारीक कण आपल्या पोटांत घेतें. मधासारखें दिसणारें नवें तेल काळें होतें तें यामुळेंच. काळें झालें म्हणजे लगेच वाईट झालें असें नव्हे.

येथें एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी उत्पन्न होतें! त्यांतील बहुतेक वाफ होऊन धुराबरोबर बाहेर जातें. थोडी वाफ मात्र दट्ट्याच्या कड्यांजवळून खालीं उतरून तेलांत मिसळते व तेथें आम्लें तयार होतात. गाडी लांब पल्ल्यास गेली तर तेल चांगलें तापून हें पाणी उडून जातें. जी गाडी रोज घरापासून शाळेपर्यंत जाऊन परत येते, तिचें तेल पुरतें तापतच नाहीं. 'आमची गाडी फारशी चालत नाहीं, मग तेल कशाला बदलावयाचें?' असें म्हणणाऱ्या पालकांनीं याचा विचार करावा. गाडीच्या पुस्तिकेंत किलोमीटरांबरोबर महिन्यांचीहि मर्यादा दिलेली असते ती याचसाठीं.

फिल्टर म्हणजे तेलाची गाळणी. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलँड यांनीं ती मोटारीकरितां तयार केली. आंत घड्या घातलेला कागद असतो. तो अगदींच तुंबला तर एक लहानशी झडप उघडून तेल न गाळतांच पुढें जातें, कारण मुळींच तेल नसण्यापेक्षां घाणेरडें तेल बरें. म्हणूनच तेल नवें आणि फिल्टर जुना ही काटकसर खोटी.

आतां कृति. पुस्तिकेंत सांगितलें असेल त्याच जातीचें तेल आणावें. डब्यावरील '५ डब्ल्यू-३०' यांत डब्ल्यू हें अक्षर हिंवाळ्याचें असून पहिला आंकडा थंडींतील, व दुसरा तापलेल्या तेलाचा दाटपणा दाखवितो. १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत असलेल्या मारुती ८०० सारख्या लहान गाडीस तीन लिटरांच्या आंतबाहेर तेल लागतें.

इंजिन चार-पांच मिनिटें चालवून बंद करावें; कोमट तेल लवकर वाहतें. गाडी सपाट व टणक जमिनीवर असावी, हातब्रेक ओढलेला असावा, व चाकांस दगड लावावे. गाडी जॅकनें उचलल्यावर तिच्याखालीं भक्कम स्टँड दिल्याशिवाय कोणींहि खालीं शिरूं नये. जॅक निसटावयास निमिषहि लागत नाहीं, आणि वर शेंकडों किलोंचें ओझें असतें. विद्यार्थ्यांनीं तर वडील माणूस जवळ असल्याखेरीज या कामास हातच घालूं नये.

नंतर वरचें झांकण काढावें, खालीं घमेलें ठेवावें आणि चेंबरचा नट सैल करावा. तेलाची धार प्रथम तिरपी उडते, हें ध्यानांत असावें. दहा-पंधरा मिनिटांनीं थेंब थांबले कीं नवा वायसर घालून नट आधीं बोटांनींच फिरवावा, मग पान्यानें बेताचा आवळावा. सर्व जोर लावणारा आटे मारून ठेवतो.

फिल्टर काढतांना त्याची रबरी कडी त्याच्याबरोबर निघाली कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहिलेंच पाहिजे. याविषयीं आम्हीं अनुभवानें बोलत आहों. एका सुटींत आम्हीं दोघां विद्यार्थ्यांस हौसेनें हें काम दाखवूं लागलों, आणि बोलण्याच्या भरांत जुनी कडी इंजिनालाच चिकटून राहिली. तिच्यावर नवा फिल्टर बसविला. गाडी सुरू करून पुरतें अर्धें मिनिट झालें नाहीं तोंच त्यांतला धाकटा ओरडला, "सर, खालून तेल येतंय!" किल्ली तत्काळ फिरविली म्हणून इंजिन वांचलें, पण नव्या तेलाचें थारोळें अंगणांत पसरलें होतें, आणि तें भुसा टाकून पुसण्यांत सारी दुपार गेली. त्या दोघांनीं हा भाग आमच्याहून नीट लक्षांत ठेवला आहे!

नव्या कडीस नव्या तेलाचें बोट लावावें. फिल्टर टेंकल्यावर सुमारें पाऊण फेरा हातानेंच आवळावा. मग सांगितल्यापेक्षां थोडें कमी तेल ओतून झांकण लावावें व इंजिन सुरू करावें. तेलाचा लाल दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करावें. गळती नाहीं असें पाहून गाडी खालीं उतरवावी, पांच मिनिटें थांबावें आणि डिपस्टिक पुसून तेल मोजावें. तें दोन खुणांच्या दरम्यान, वरच्या खुणेजवळ असावें. अधिक ओतल्यास फिरता दांडा तें घुसळून फेंस करतो, व फेंसाला वंगणाचें काम जमत नाहीं.

राहिलें घमेल्यांतील काळें तेल. तें गटारांत वा मातींत ओतणें म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरींत ओतण्यासारखेंच आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांत तें घातक कचऱ्यांत गणलें आहे. वारंवार अंगास लागलें तर कातडीस अपाय होतो, म्हणून हातमोजे घालावे व कुंपणाच्या खांबांस तें फांसण्याची चाल सोडावी. तें बंद डब्यांत भरून, जेथें जुनें तेल रीतसर गोळा करितात अशा गॅरेजांत द्यावें. जुना फिल्टर पालथा घालून निथळून त्याच्याबरोबरच द्यावा. नंतर तारीख व किलोमीटरांचा आंकडा चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आंतल्या बाजूस चिकटवावी, म्हणजे पुढची पाळी केव्हां तें कोणास विचारावें लागत नाहीं.