बिनमातीच्या शेतीतील निचऱ्याचे पाणी

हरितगृहात नारळाच्या भुशावर वाढविलेल्या पिकास सर्व अन्नद्रव्ये पाण्यातून द्यावी लागतात. त्याचा निचरा ओढ्यात सोडणे म्हणजे विकत घेतलेले खत वाहू देणे होय. होगलंड यांच्या द्रावणात दर लिटरला 210 मिलिग्रॅम नत्र असते. त्यातील निम्मे उरले तरी 1000 लिटर निचऱ्यात सुमारे 230 ग्रॅम युरियाइतके नत्र सापडते. हे नत्र बहुतांशी नायट्रेटच्या रूपात असल्याने झिरपून विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम असून, अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांस घातक ठरते.

चुन्याची निवळी मिसळल्यास स्फुरद गाळाच्या रूपाने तळाशी बसतो व तो वाळवून वापरता येतो. नायट्रेट मात्र पाण्यातच राहते. तेव्हा निवळलेले पाणी निर्दोष समजू नये. ते हौदात साठवून, विहिरीच्या पाण्यात मिसळून मका किंवा गजराज गवतास द्यावे आणि तितका युरिया कमी करावा. टोमॅटोच्या निचऱ्याचे पाणी टोमॅटो, वांगी व मिरचीस देऊ नये, कारण मूळकुजीचे रोग त्यातून पसरतात. प्रथम क्षार व सोडियम तपासून घ्यावे. सोडियम साचलेले पाणी भारी काळ्या जमिनीस दिल्यास ती चोपण होते, आणि चोपण जमीन सुधारण्यास कित्येक हंगाम जातात.