गणित की जीवशास्त्र?

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की वाशी-पनवेलकडचे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, गणित सोडू की जीवशास्त्र?" जवळचेच एक उदाहरण घेऊ.

खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथील प्रोटॉन उपचाराची सोय २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. क्ष-किरण गाठीच्या पलीकडेही ऊर्जा देत जातात. प्रोटॉन मात्र थांबण्याच्या बेतात असताना सर्वाधिक ऊर्जा देतो आणि तेथेच थांबतो. त्याची सुरुवातीची ऊर्जा बदलली की थांबण्याची खोलीही बदलते.

आता पाहा. किरण नेमके कोठे द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. त्यांची वाट जीवशास्त्र, 'नीट' परीक्षा, एम.बी.बी.एस. आणि पुढे एम.डी. अशी असते. प्रोटॉनला किती ऊर्जा द्यायची याचा हिशेब वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ करतो. त्याची वाट गणित, भौतिकीतील एम.एस्सी. आणि विकिरण भौतिकीची पदविका अशी. हा पदविका अभ्यासक्रम खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात चालतो.

म्हणजे रोगी एकच, पण वाटा दोन! सोडलेला विषय मागाहून जोडणे अवघड जाते. म्हणून निर्णय होत नसेल तर दोन्ही विषय घ्यावेत. अभ्यास वाढेल, हे खरे. मी स्वतः बेडकाच्या विच्छेदनाच्या धास्तीने जीवशास्त्र सोडले होते. धास्ती हे काही कारण नव्हे!

करून पाहा : आवडीचा एक व्यवसाय वहीच्या तळाशी लिहा. तेथून वर एकेक पायरी मांडत अकरावीच्या विषयांपर्यंत या.